भेसळ कशी ओळखावी?



चांगल्या वस्तूत हलकी किंवा घातक वस्तू मिसळून ती चांगल्याच भावाने विकणे म्हणजे भेसळ. दुधात पाणी घातले तर पैसे बुडतात. पण तेलात विषारी तेल घातले तर जीव जातो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेले निघाले. लोकांचे पाय सुजले आणि साठाहून जास्त माणसे दगावली. हा काटेरी पिवळा धोत्रा आपल्याकडे पण रस्त्याच्या कडेला उगवतो.

नुसत्या डोळ्यांना भेसळ दिसत नाही. म्हणून बाईंनी वर्गात प्रयोग करून दाखवले.

प्रयोग १ : लाल तिखट
कृती : पेलाभर पाण्यावर चिमूटभर तिखट टाकावे, ढवळू नये.
अनुमान : रंगाच्या रेघा लगेच खाली उतरल्या तर वरून रंग लावलेला आहे. तळाचा गाळ बोटाने चोळून खरखरीत लागला तर विटेची भुकटी किंवा वाळू असू शकते.

प्रयोग २ : चहा
कृती : टिपकागदावर चहापूड पसरून पाणी शिंपडावे. थोड्या वेळाने पूड काढून कागद धुवावा.
अनुमान : कागदावर रंगाचे डाग राहिले तर चहाला रंग दिलेला आहे.

प्रयोग ३ : हळद (हा प्रयोग मुलांनी करू नये. आम्ल हातावर पडले तर भाजते.)
कृती : हळदीच्या पाण्यात बाईंनी हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. गुलाबी रंग आला, मग त्यात साधे पाणी ओतले.
अनुमान : गुलाबी रंग गेला तर हळद चांगली. तो तसाच राहिला तर तिच्यात मेटॅनिल यलो नावाचा घातक रंग आहे. आमच्या हळदीचा रंग गेला!

प्रयोग ४ : दूध
कृती : उकळून गार केलेल्या दुधात आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावे.
अनुमान : निळा रंग आला तर दुधात पीठ किंवा साबुदाण्यासारखा पिठूळ पदार्थ आहे. हळदीला ही परीक्षा चालत नाही, कारण हळदीत पिठूळ अंश मुळातच असतो.

चौथ्या प्रयोगाला दूध मी घरून नेले होते. ते निळे झाले! सगळी मुले "भेसळ, भेसळ" ओरडली. मला फार राग आला, कारण माझी लहान बहीण तेच दूध पिते. संध्याकाळी दूध घालणारे काका आले तेव्हा मी त्यांना तोंडावर म्हणालो, "तुम्ही दुधात पीठ घालता." काका काहीच बोलले नाहीत. आई मला रागावली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारले, "दूध कोणत्या भांड्यातून आणलेस?" मग आईला आठवले. भाताची पेज ढवळलेला डाव तिने न धुता दुधात घातला होता. बाई म्हणाल्या, "स्वच्छ बाटलीत काकांच्या मापातूनच दूध घे." मी घेतले. पुन्हा आयोडिन टाकले, निळे झाले नाही. मी काकांची माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, "तपासत जा बाळा, पण भांडं धुऊन."

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. लॅक्टोमीटर दुधात तरंगतो आणि पाणी घातलेल्या दुधात जास्त बुडतो. पण साय काढून पाणी घातले तर तोही फसतो. म्हणून एका परीक्षेवर निकाल देऊ नये.

खरा निकाल प्रयोगशाळेत लागतो. खडूवर शाईचा ठिपका देऊन खडू पाण्यात उभा केला की शाईतले रंग वेगळे होऊन वर चढतात. तसेच तिथे मिसळलेले रंग वेगळे करून ओळखतात. ५ ऑगस्ट २०११ पासून आपल्या देशात अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू आहे. भेसळीचा संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्यासाठी पाकीट आणि पावती जपून ठेवावी.

तात्पर्य : तपासल्याशिवाय खाऊ नये, आणि दोनदा तपासल्याशिवाय कुणाला लबाड म्हणू नये.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी, मानपाडा