परीक्षेची भीती : गोळी हवी की मानसोपचार?

परीक्षांचा हंगाम आला की दवाखान्यात येणाऱ्या तरुणांच्या तक्रारी ठरलेल्या असतात : छातीत धडधड, पोटात गोळा, तळहातांना घाम, रात्री झोप नाही आणि ‘पाठ केलेले ऐन वेळी आठवत नाही.’ महाविद्यालयीन विद्यार्थी बालरोगतज्ज्ञाकडे कशासाठी, असे कोणासही वाटेल. परंतु ज्यांना आपण लसी टोचल्या, त्या मुलांना अठरा वर्षे उलटली तरी त्यांचे पालक प्रथम आपल्याच दवाखान्याची पायरी चढतात. मागणीही ठरलेलीच : “डॉक्टर, परीक्षेपुरती एखादी गोळी द्या.” या मागणीस शास्त्रीय उत्तर काय द्यावे, याचा येथे विचार करू.

भीतीचे दोन पदर

अमेरिकेतील लीबर्ट व मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये परीक्षाचिंतेचे दोन घटक वेगळे करून दाखविले. पहिला शारीरिक क्षोभ, म्हणजे धडधड, घाम व कंप. दुसरा काळजी, म्हणजे ‘मी नापास होणार, घरी तोंड कसे दाखवू’ हे मनातील अखंड पालुपद. गुण कमी पडण्याशी मुख्य संबंध आढळला तो या दुसऱ्या घटकाचा. विचार करताना माहिती हाताशी धरून ठेवण्याची मनाची क्षमता मर्यादित असते. तीच काळजीने व्यापली की उत्तरासाठी जागा उरत नाही.

गोळीची मर्यादा येथेच स्पष्ट होते. प्रोप्रॅनोलॉल धडधड थांबविते, पालुपद नव्हे. शिवाय दम्याच्या रुग्णास ते धोक्याचे. बेन्झोडायझेपीन गटातील औषधे नवी माहिती स्मरणात साठविण्यात अडथळा आणतात. म्हणजे अभ्यासाच्या दिवसांत नेमके नको तेच घडते.

उपचारांचे तीन मार्ग

१. वर्तनोपचार : जेकबसन यांनी १९२९ मध्ये मांडलेले क्रमिक स्नायुशिथिलीकरण हा याचा पाया. त्यावर जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये भीती पायरीपायरीने कमी करण्याची पद्धत उभारली. वेळापत्रक लागणे, हॉल तिकीट हाती येणे, परीक्षा कक्षात बसणे, प्रश्नपत्रिका उलटणे अशी शिडी विद्यार्थ्याकडूनच लिहवून घ्यावयाची आणि शरीर शिथिल ठेवून एकेक पायरी कल्पनेत अनुभवावयाची. पहिली निर्भयपणे जमल्यावरच दुसरी.

२. विचारांवरील उपचार : कॅनडातील डोनाल्ड मायकेनबॉम यांनी १९७२ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर हा मार्ग अभ्यासला. मनातील पालुपद प्रथम ओळखावयाचे आणि त्याजागी कामाचे वाक्य योजावयाचे. ‘सगळे संपले’ याऐवजी ‘हा प्रश्न सोडून पुढचा वाचतो.’ ही पोकळ आशा नव्हे. लक्ष पुन्हा कागदाकडे वळविण्याचा हा सराव आहे.

३. अभ्यासकौशल्ये : काहींची भीती साधार असते, कारण तयारीच कच्ची असते. रोडिगर व कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखविले की, पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहिलेले अधिक काळ टिकते. घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडविल्यास स्मरणाचा सराव होतो आणि परीक्षेची सवयही जडते.

पुरावा काय सांगतो?

हेम्ब्री यांनी १९८८ मध्ये ५६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात वर्तनोपचारांनी चिंता कमी झाल्याचे दिसले. मात्र केवळ अभ्यासकौशल्ये शिकवून ती कमी होत नाही, त्यांना अन्य उपचारांची जोड लागते, असेही आढळले. विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरील ४४ यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांच्या २०१९ मधील आढाव्यातही वर्तनोपचारांची बाजू सर्वांत भक्कम ठरली. उलटपक्षी, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातील भीती लिहून काढण्याचा २०११ मध्ये गाजलेला उपाय २०१८ मधील फेरप्रयोगात तसा प्रभावी ठरला नाही. तो निरुपद्रवी आहे. पण त्यावर विसंबू नये.

आपले कर्तव्य

थायरॉइड, रक्तक्षय, चहा-कॉफीचा अतिरेक आणि जागरणे यांची चौकशी प्रथम करावी. बेळगावसारख्या ठिकाणी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी पुढे इंग्रजीतून उत्तरे लिहितो, तेव्हा भीतीचे मूळ विषयात आहे की भाषेत, हेही पाहावे. भाषेची अडचण शिथिलीकरणाने सुटत नाही. तिला लेखनाचा सरावच हवा.

उदासी, एकलकोंडेपणा वा निराशेची भाषा आढळल्यास जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येतात का, हे स्पष्ट शब्दांत आणि पालकांना बाहेर बसवून विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी असल्यास विद्यार्थ्यास एकटे न ठेवता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. केंद्र शासनाची २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

उपचारांना काही आठवडे लागतात. म्हणून सल्ला परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे, सत्राच्या आरंभी घेतलेला बरा. गोळी मागावयास आलेल्या पालकांना एवढे जरी आपण पटवून देऊ शकलो, तरी अर्धे काम झाले.