‘सापडत नाही’ की ‘परवानगी नाही’?

रविवारी सकाळी साताऱ्याहून आईचा फोन आला. बाबांच्या साठीशांतीचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता, आणि तो होता आमच्याकडच्या नेटवर्क हार्डडिस्कवर. मॅकवरचं तिचं अ‍ॅप उघडलं तर उत्तर आलं, ‘उपकरण सापडत नाही.’ हार्डडिस्कचे दिवे तर नीट लुकलुकत होते. ती बंद-चालू केली, राउटर बंद-चालू केला, अ‍ॅप काढून पुन्हा घातलं. शेवटी रीसेटच्या भोकात घालायला टाचणी हातात घेतली. रीसेटमध्ये नेमकं काय काय पुसलं जातं, हे तेव्हा माहीत नव्हतं. नशिबाने टाचणी तिथेच थांबली. चूक माझीच होती. काही आठवड्यांपूर्वी स्क्रीनवर आलेला एक प्रश्न न वाचताच मी ‘नाही’ म्हणून मोकळा झालो होतो.

हा घोळ तुमच्याकडेही होऊ शकतो, म्हणून आधी त्यामागचं तत्त्व पाहू.

तुमचा राउटर म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा समजा. आतल्या खोल्या म्हणजे लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही, हार्डडिस्क. त्यांचे पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात आणि ते वाड्याबाहेर कोणाला दिसत नाहीत. एखाद्या अ‍ॅपला प्रिंटर हवा असेल, तर ते चौकात उभं राहून हाक मारतं, ‘इथे प्रिंटर कोण आहे?’ या हाकेसाठी २२४.०.०.२५१ हा खास पत्ता आणि ५३५३ हा पोर्ट ठरलेला आहे. ज्याला ती लागू पडते, तो आपलं नाव सांगून ओ देतो.

गंमत अशी की, अशा हाका मारत राहिलं तर घरात काय काय आहे याची यादीच तयार होते. टीव्ही कोणत्या कंपनीचा, ‘आईचा आयपॅड’ नावाचं काही आहे का, दिवे-कॅमेरे कोणते. तुमच्या घरासारखी नेमकी तीच यादी दुसऱ्या घरात सहसा नसते. त्यामुळे लोकेशन न विचारताही एखादं अ‍ॅप घर ओळखू शकतं. म्हणूनच अ‍ॅपलने २०२० मध्ये आयओएस १४ पासून फोनवर आणि २०२४ मध्ये मॅकओएस सिक्वोयापासून मॅकवर, अशी हाक मारण्याआधी मालकाची परवानगी घेणं सक्तीचं केलं.

खरी अडचण पुढे आहे. परवानगी नसेल तर मॅक अ‍ॅपला ‘तुला मनाई आहे’ असं स्पष्ट सांगत नाही. अ‍ॅपच्या हाती बहुधा ‘नो राउट टू होस्ट’, म्हणजे ‘तिथे जायला वाटच नाही’, असा संदेश पडतो. ते बिचारं तुम्हाला सांगतं, ‘उपकरण सापडत नाही.’ आणि आपण दोष देतो हार्डडिस्कला! त्यातच अ‍ॅपलच्या टर्मिनलमधून ‘पिंग’ केलं तर उत्तर व्यवस्थित येतं, कारण टर्मिनलमधून चालवलेल्या आज्ञांना ही परवानगी लागत नाही. मग गोंधळ आणखी वाढतो.

तेव्हा पुढच्या क्रमाने तपासा :

१. दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर आहेत ना? पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवर उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत. ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करून पाहा.

२. सफारीत हार्डडिस्कचा किंवा प्रिंटरचा आकडी पत्ता टाका. तो राउटरच्या पानावर मिळेल. सफारीला वेगळी परवानगी लागत नाही. त्या उपकरणाचं सेटिंगचं पान उघडलं, तर उपकरण, वायर आणि राउटर निर्दोष आहेत. उघडलं नाही, तर पुन्हा पहिल्या पायरीकडे जा.

३. सफारीत उघडतं, पण अ‍ॅपमध्ये नाही? मग सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकल नेटवर्क असं जा. तिथे अ‍ॅपसमोरचं बटण चालू करा, अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. माझं काम इथेच झालं.

४. बटण आधीच चालू असेल, तर ते एकदा बंद करून पुन्हा चालू करा आणि मॅक रीस्टार्ट करा. सिक्वोयाच्या सुरुवातीच्या काळात अनेकांना याच उपायाने गुण आला. अ‍ॅपचं नाव यादीत दोनदा दिसलं तर दोन्ही बटणं तपासा.

५. अ‍ॅपचं नाव यादीतच नाही? ते हाताने भरता येत नाही. अ‍ॅपने पहिली हाक मारली की प्रश्न येतो आणि नाव यादीत चढतं. म्हणून अ‍ॅपमध्ये ‘शोधा’चं बटण दाबा आणि प्रश्नाची चौकट इतर खिडक्यांमागे दडली नाही ना, ते पाहा.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांसाठी एक सूचना. टर्मिनलऐवजी दुसऱ्या कंपनीचं तसंच अ‍ॅप वापरत असाल, तर त्यातून चालवलेल्या पायथनच्या प्रोग्रॅमसाठी परवानगी त्या अ‍ॅपला द्यावी लागते.

याचा अर्थ दिसेल त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणा, असा नाही. छपाई करणारं, टीव्हीवर चित्र पाठवणारं, हार्डडिस्क शोधणारं अ‍ॅप हे विचारणारच. पण पत्त्यांच्या एखाद्या खेळाला तुमच्या घरातल्या खोल्या कशाला मोजायच्या आहेत? तिथे खुशाल ‘नाही’ म्हणा. फक्त वाचून म्हणा.

फोटो त्याच दिवशी आईला पाठवला. टाचणी पुन्हा डबीत गेली. रीसेट हा उपाय सगळ्यात शेवटचा ठेवा, आणि तोही दुसरीकडे प्रत काढून ठेवल्यावरच.