उरलेला रंग मुलांच्या हाती द्या

घराचं रंगकाम संपलं की पेंटर निघताना दोन-तीन डबे गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवून जातो. कुठे टचअप करायची वेळ आली तर असावेत म्हणून. चार दिवसांनी ते डबे माळ्यावर चढतात आणि पुढचं रंगकाम निघेपर्यंत तिथेच राहतात. तोवर झाकण गंजलेलं असतं आणि आतला रंग दगड झालेला असतो. आईबाबांनो, त्या डब्यांविषयी तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. तो रंग वाळून जायच्या आत मुलांच्या हाती द्या, आणि त्यातून मुलं जे करतील ते घरात, चारचौघांना दिसेल अशा जागी राहू द्या. माझं सांगणं एवढंच आहे.

मुलांसाठी आपण हौसेने हस्तकलेचं साहित्य आणतो. मुलं त्यातून काहीतरी करतात, आपण कौतुक करतो, फोटो काढतो आणि ती वस्तू मुलांच्या खणात जाते. घराच्या सजावटीत तिला जागा मिळत नाही, कारण ती घराशी जुळत नाही. उरलेला रंग मात्र घराच्या भिंतीचाच असतो. हॉलच्या भिंतीला लावलेला पिस्ता रंग कुंडीवर पट्ट्यापुरता आला, तरी ती कुंडी हॉलची होऊन जाते. बेडरूममधला निळा फोटोच्या बिनरंगाच्या लाकडी चौकटीवर चढला की ती चौकट त्या खोलीत शोभून दिसते. आपण केलेली वस्तू घराने सामावून घेतली, हे मुलाला रोज दिसतं. घर आपलंही आहे ही जाणीव त्यातून येते.

आता डबे खाली काढा, पण आधी ते नीट ओळखा. डिस्टेंपर आणि इमल्शन पाण्यात मिसळणारे असतात. ब्रश नळाखाली धुता येतो, हात साबणाने स्वच्छ होतात. मुलांसाठी घरातल्या भिंतींचे हेच रंग घ्या. ऑइल पेंट, इनॅमल, पॉलिश, थिनर आणि टर्पेंटाइन मोठ्यांनीच हाताळावं, तेही खिडक्या उघड्या ठेवून. बाहेरच्या भिंतींच्या रंगात बुरशी रोखणारी औषधं असतात, म्हणून तोही लहानांना देऊ नका. झाकण उघडल्यावर सडका, आंबूस वास आला तर रंग खराब झाला असं समजा. नुसत्या गुठळ्या असतील तर जुन्या सुती कापडातून गाळून घ्या, काम होतं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. त्याआधीच्या रंगांना, विशेषतः ऑइल पेंटना, हा भरवसा देता येत नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असतं. म्हणून माळ्यावरचा फार जुना डबा उघडूच नका. जुनं लाकडी कपाट किंवा खिडकी मुलांसमोर पॉलिश पेपरने घासू नका, कारण त्या धुळीतून शिसं पोटात जातं. रंगवायला नवी किंवा बिनरंगाची वस्तू निवडलीत की ही चिंताच उरत नाही.

सुरुवातीला मातीची कुंडी घ्या. ती ओल्या फडक्याने पुसा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. पहिला हात थोडं पाणी घालून पातळ द्या, कारण कोरी माती रंग पिते. तो वाळला की दुसरा हात घट्ट रंगाचा. मग मास्किंग टेप घेऊन मुलाला कुंडीभोवती पट्टे आखू द्या. टेपची कड नखाने दाबून बसवायला सांगा, नाहीतर रंग खालून झिरपतो. मधल्या पट्ट्यांत दुसरा रंग भरा आणि तो पुरता वाळायच्या आत टेप तिरकी ओढत सावकाश काढा. टेपखालून सरळ, स्वच्छ रेघ निघते, तेव्हा मुलाचा चेहरा बघा. नीट आखलं, धीर धरला आणि काम साधलं, हे त्याला शब्दांवाचून कळतं. अशा कुंडीत थेट माती भरू नका. आतलं पाणी झिरपून रंगाचे पापुद्रे निघतात. नर्सरीतून आणलेलं रोप प्लास्टिकच्या कुंडीसकट आत ठेवा.

घरात पांढरा किंवा क्रीम रंगच जास्त उरलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानात स्टेनरची, म्हणजे रंगात मिसळायच्या गडद रंगाची, छोटी बाटली मिळते. वाटीत पांढरा घ्या, त्यात गडद रंगाचा एक थेंब टाका आणि ढवळा, मग पुढचा थेंब. गडद रंगात पांढरा ओतत बसलं तर हवी ती छटा यायच्या आधीच वाटी भरून जाते. इमल्शन वाळल्यावर बहुधा किंचित गडद दिसतं, म्हणून आधी पुठ्ठ्यावर बोटभर लावून वाळू द्यायचं. मोठ्या मुलांना हिशेबही करायला लावा. गुळगुळीत भिंतीवर लिटरभर इमल्शनमध्ये साधारण शंभर चौरस फुटांना दोन हात बसतात. मग पाव लिटरमध्ये काय काय होईल? पुस्तकांच्या फळीची मागची बाजू, एक स्टूल की सहा कुंड्या? क्षेत्रफळाचं गणित इथे आपोआप कामाला लागतं.

वयाप्रमाणे काम वाटून द्या. तीन-चार वर्षांच्या मुलांना बारीक ब्रश पेलत नाही. त्यांना भेंडी आडवी कापून ठसे मारू द्या, स्पंजने पुठ्ठ्याची खोकी रंगवू द्या. त्या खोक्यांत मोजे, खडू, चार्जर काहीही राहील. सहा-सात वर्षांच्या मुलांना टेपचे पट्टे जमतात. दहाच्या पुढची मुलं बिनरंगाच्या पाटावर किंवा चौरंगावर स्वतः नक्षी आखतील. दिवाळीच्या पणत्या रंगवायच्या असतील तर बाहेरूनच, आणि वातीच्या तोंडाजवळची कड कोरी ठेवा. भिंतीचा रंग ज्योतीजवळ जाता कामा नये. ताटं, वाट्या, पाण्याचे माठ यांनाही हा रंग लावू नका.

दोनच रंग उरलेत म्हणून हात आखडू नका. पालघर-डहाणूकडच्या वारली घरांत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चित्रं काढली जातात. रंग एक, आकार तीन: वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांचं माणसाचं अंग होतं. लग्नात भिंतीवर काढायचं चौक नावाचं चित्र सुवासिनी काढत आल्या आहेत. ही कला कागदावर आणून जगभर पोहोचवणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वीटकरी आणि पांढरा एवढे दोन रंग घेऊन मुलांना हे शिकवा. ही कला कुणाची आणि कुठली, तेही सांगा. आणि चित्रात त्यांचं स्वतःचं जगणं येऊ द्या: आजीचा स्वयंपाक, शाळेची रिक्षा, सोसायटीतलं क्रिकेट.

आता मनातलं बोलते. मुलाचा पट्टा वाकडा येईल, रंग ओघळेल, पिवळा जरा जास्तच पिवळा होईल. तेव्हा रात्री तो झोपल्यावर ब्रश घेऊन "जरासं नीट" करायचा मोह टाळा. सकाळी मुलाला ते लगेच कळतं. आपलं काम घरात राहण्याजोगं नव्हतं, असा अर्थ ते मूल घेतं आणि पुढच्या वेळी ब्रश तुमच्याच हाती देतं. त्याने विचारलं तर जरूर दाखवा, पण दुसऱ्या कागदावर. पाहुण्यांसमोर "मुलांचं आपलं काहीतरी" असं म्हणून विषय उडवू नका. "हे आमच्या ईशाने केलं" एवढं सरळ वाक्य मुलाला फार दिवस पुरतं.

काम झाल्यावरचा भागही मुलांबरोबरच करा. उरलेला रंग काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते आणि रंग टिकतो. बरणीवर खोली, शेड नंबर आणि महिना-वर्ष लिहा. निरुपयोगी रंग मोरीत किंवा गटारात ओतू नका. इमल्शन लाकडाच्या भुश्यात किंवा वाळूत मिसळून वाळवा. रिकामे रंगाचे डबे म्हणजे घरगुती घातक कचरा. ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे द्या. कचरा म्हणजे नेमकं काय आणि तो कुठे जातो, हे मुलांना अशा कामातूनच उमगतं.

डब्याचं झाकण उघडण्याआधी मात्र एक काम करा. मुलाला बरोबर घेऊन घरभर फिरा आणि त्याने केलेली वस्तू कुठे ठेवायची ते दोघांनी मिळून ठरवा. दारातला स्टूल, देवघराशेजारची फळी, हॉलमधली खिडकी, कुठलीही जागा चालेल, पण ती खरी असू द्या. जागा आधी ठरली की मूल त्या जागेला साजेसं काम करण्यासाठी जिवाचं रान करतं. आणि एकदा शब्द दिलात की ती जागा मग त्याचीच.