कुष्ठरोगात नस कशी वाचते?

कुष्ठरोगाचा जंतू बोटे खातो, असे वस्तीत अजूनही बोलले जाते. तपासणीला गेलो की आम्ही ते हमखास ऐकतो. हा समज खोटा आहे. बोटांचे नुकसान होते ते आतली नस निकामी झाल्यामुळे. नस वेळीच वाचवली तर हातही वाचतो.

हा जंतू नसेच्या आवरणातील पेशींत जाऊन बसतो. त्याच्याशी लढायला प्रतिकारशक्तीच्या पेशी धावतात. त्या एकमेकींना रासायनिक निरोप देतात. काही निरोप 'हल्ला करा' म्हणतात. त्यातून दाह होतो, सूज येते. काही 'आता पुरे' म्हणतात. इंटरल्युकिन-१० हा असाच एक निरोप. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत तयार होणारे कॉर्टिसॉलही दाह आवरते.

शरीराला दोन्ही निरोप लागतात. हल्ला कमी पडला तर जंतू वाढतात. आवर कमी पडला तर दाहात आपलीच नस होरपळते. कोपराजवळ नस अरुंद जागेतून जाते. तिथे ती सुजली की आवळली जाते. अशा अचानक उठणाऱ्या दाहाला 'रिअ‍ॅक्शन' म्हणतात. ती औषधांआधी, औषधे चालू असताना किंवा संपल्यावरही येऊ शकते. औषध बाधले असे समजून कुष्ठरोगाच्या गोळ्या बंद करू नका.

अशा वेळी डॉक्टर गरजेनुसार प्रेडनिसोलोन देतात. ते कॉर्टिसॉलसारखे काम करून दाह शमवते. नस अधू होऊन ६ महिने उलटण्याआधी उपचार मिळाला, तर ताकद परत येण्याची आशा जास्त असते. मात्र हे औषध मनाने घेऊ नका आणि एकदम सोडूही नका. मधुमेह किंवा क्षयरोग असेल तर आधी सांगा.

पुढीलपैकी काही दिसले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा:

• चट्टा अचानक लाल होऊन सुजणे
• कोपर, गुडघा किंवा घोट्याजवळ नस दुखणे
• करंगळीत ताकद नसणे
• चप्पल निसटली तरी न कळणे
• डोळा पूर्ण न मिटणे

कुष्ठरोगाची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. ती सुरू झाल्यावर रुग्णापासून लागण होणे लवकरच थांबते. म्हणून घरातल्या रुग्णाचे ताट वेगळे मांडू नका. त्यापेक्षा दर आठवड्याला त्याचे हात, पाय आणि डोळे तपासा.