पेटी ते मिडी कीबोर्ड

प्रस्तावना

दिल्ली आणि तिच्या परिसरातील नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या शहरांत अनेक मराठी कुटुंबे नोकरीव्यवसायाच्या निमित्ताने स्थायिक झाली आहेत. गणेशोत्सवातील आरत्या, भजने आणि नाट्यगीते यांच्या साथीसाठी या घरांतून पेटी बाळगली जाई. पुष्कळ घरांत ती अजूनही आहे. आता तिच्या शेजारी संगणक आला आहे. दिवसा नोकरी करणारा तरुण रात्री स्वतःच्या खोलीत गाणे बांधतो, त्याला साथ जोडतो आणि ते ध्वनिमुद्रितही करतो. या कामासाठी त्याला लागणारे पहिले साधन म्हणजे मिडी कीबोर्ड. ते कसे निवडावे, हा या पाठाचा विषय आहे. मात्र पट्ट्यांचे वाद्य भारतीय संगीताला मानवते की नाही, हा वाद दिल्लीत फार पूर्वी एकदा होऊन गेला आहे. कीबोर्ड निवडणाऱ्याला तो ठाऊक असणे उपयोगाचे आहे, म्हणून आरंभ तेथूनच करू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला आकाशवाणीवरील हार्मोनियमबंदीची कारणे सांगता येतील, मिडी कीबोर्ड आणि पेटी यांतील मूलभूत फरक स्पष्ट करता येईल आणि स्वतःच्या गरजेप्रमाणे कीबोर्डची पारख करता येईल.

१. आकाशवाणीने पेटीला दार बंद केले

हार्मोनियम हे मूळचे युरोपातील वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते तेथे प्रचारात आले. पायाने भाता चालवून ते वाजवीत. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला हाताने चालणारा भाता जोडला, आणि जमिनीवर बसून गाणाऱ्या आपल्या गायकांना ते सोयीचे झाले. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी पेटीला घरोघरी नेले. 'संगीत मानापमान' या १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकाच्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः थोर पेटीवादक होते. त्यांच्या बोटांतून पेटी गळ्याप्रमाणे गाते, असे रसिक म्हणत.

दिल्लीचे नभोवाणी केंद्र १ जानेवारी १९३६ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी देशाच्या नभोवाणी सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. तिचे प्रमुख लायोनेल फील्डन यांना हार्मोनियम मुळीच आवडत नसे. दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये नभोवाणीच्या 'द इंडियन लिसनर' या नियतकालिकात या वाद्याविरुद्ध लेख लिहिला. हे फोल्ड्स भारतीय संगीताविषयी अनभिज्ञ होते असे मात्र नाही. अर्ध्या स्वराहूनही सूक्ष्म अंतरे त्यांनी स्वतःच्या रचनांत योजली होती आणि भारतीय वाद्यांचा मेळ जमविण्याचा प्रयोगही केला होता. त्यामुळे त्यांचा आक्षेप केवळ परकीयाचा तुच्छताभाव म्हणून बाजूला सारता येत नाही. रवींद्रनाथ ठाकूर यांनीही १९४० च्या आरंभी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून हार्मोनियमविषयीची आपली नापसंती कळविली. १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली.

आक्षेप मुख्यतः दोन होते. पहिला आक्षेप मींडेविषयी. गायक एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. मधला सगळा प्रवास ऐकू येतो. पेटीला हा प्रवास साधत नाही. एक पट्टी सुटते आणि दुसरी दाबली जाते. मधली जागा रिकामीच राहते. दुसरा आक्षेप जुळणीविषयी. पाश्चात्त्य पद्धतीच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. तानपुऱ्याच्या षड्जातून सहज उमटणारा शुद्ध गांधार या जुळणीतील गांधारापेक्षा किंचित उतरा असतो. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर तानपुऱ्याचा गांधार ३८६ व्या भागावर आणि पेटीचा ४०० व्या भागावर येतो. फरक चौदा भागांचा; पण तयार कानाला तो खुपतो. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गांधार तर कोणत्याही एका पट्टीवर बसतच नाही.

आक्षेप खरे होते; त्यांवर योजलेला उपाय मात्र अतिरेकी होता, असेच म्हणावे लागते. मैफलींतून पेटी हद्दपार झाली नाही. गायक रेडिओवर सारंगीच्या साथीने गात आणि बाहेर पेटीच्या साथीने. पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये आकाशवाणीच्या सेवेत आले. पुढे दिल्लीत दूरदर्शनच्या आरंभकाळीही त्यांनी काम केले. ते उत्तम पेटीवादक होते, आणि ज्या संस्थेत ते नोकरी करीत होते तिच्यात पेटीला मज्जाव होता! ही बंदी १९७१ च्या सुमारास सैल झाली. साथीचे वाद्य म्हणून हार्मोनियम आकाशवाणीवर परतले. पुढे अप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर या पेटीवादकांना संगीत नाटक अकादमीचे पुरस्कार लाभले. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार करून जुळणीच्या आक्षेपाला वाद्यातूनच उत्तर दिले.

पाठगत प्रश्न
१. हार्मोनियमवरील दोन मुख्य आक्षेप कोणते?
२. फोल्ड्स यांचा आक्षेप केवळ तुच्छताभावातून आला नव्हता, असे पाठात का म्हटले आहे?

२. स्वतः न वाजणारे वाद्य

मिडी कीबोर्ड दिसायला पेटीसारखा असला, तरी त्याच्या पोटात रीड नसते, भाता नसतो, बहुधा ध्वनिवर्धकही नसतो. नुसता वाजवून पाहिला तर पट्ट्यांची टकटक तेवढी ऐकू येते. पट्टी दाबली की तो संगणकाला निरोप पाठवितो: अमुक क्रमांकाची पट्टी, इतक्या जोराने दाबली. ती सुटली की दुसरा निरोप जातो. त्या निरोपावरून सतार वाजवायची की बासरी, हे संगणकातील सॉफ्टवेअर ठरविते.

या निरोपांची भाषा म्हणजे मिडी. पूर्वी एका कंपनीचे इलेक्ट्रॉनिक वाद्य दुसरीच्या वाद्याशी जोडणे अवघड असे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने सर्वांसाठी एक भाषा ठरली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांस जोडून दाखविण्यात आली. या भाषेत पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. मधल्या सप्तकातील पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक म्हणजे ६१. जोरही १ ते १२७ या अंकांतच मोजला जातो.

पेटी वाजविणाऱ्याला येथे एक अडचण येते. पेटीवर पट्टी हळू दाबली काय किंवा जोराने दाबली काय, आवाजात फरक पडत नाही. आवाजाचा चढउतार भात्याच्या हातात असतो. मिडी कीबोर्डवर याच्या उलट. पट्टी कोणत्या वेगाने खाली गेली यावर स्वराचा जोर ठरतो. त्यामुळे पेटीवर तयार झालेल्या बोटांनी वाजविलेली ओळ प्रथम ऐकताना ओबडधोबड वाटते, एखादा स्वर उगाच ओरडतो. दोष बोटांचा नसतो. सॉफ्टवेअरमध्ये हा जोर सर्व पट्ट्यांसाठी सारखा ठेवता येतो, आणि आवाजाचा चढउतार कीबोर्डवरील दुसऱ्या चाकाकडे किंवा पायपट्टीकडे सोपविता येतो. तोच मग भाता होतो.

३. पट्ट्या किती असाव्यात

बाजारात २५, ३७, ४९, ६१ आणि ८८ पट्ट्यांचे कीबोर्ड मिळतात. २५ म्हणजे दोन सप्तके, ४९ म्हणजे चार. ८८ म्हणजे पूर्ण पियानो. पियानो शिकायचा नसेल, तर ८८ पट्ट्यांचा मोह टाळावा. त्याची लांबी सव्वा मीटरच्या आसपास असते आणि भाड्याच्या खोलीत तो पलंगाची जागा अडवितो.

आपल्या गायनाचा विस्तार मंद्र, मध्य आणि तार या तीन सप्तकांत सामावतो. म्हणून ३७ पट्ट्या पुरेशा वाटतात. तथापि येथे थोडा हिशेब करावा. कीबोर्ड पांढरी एकपासून सुरू होतो आणि पांढरी एकवरच संपतो. गायकाचा षड्ज काळी एक असेल, तर तिसऱ्या सप्तकानंतरचा षड्ज नेमका एका पट्टीने हुकतो. काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेसाठी वाजविताना याहूनही ओढाताण होते. सप्तक बदलण्याचे बटण असते खरे. पण तान चालू असताना बटण शोधणे बरे नव्हे. पेटीची सवय असलेल्याला ४९ पट्ट्या सर्वांत सुखाच्या. केवळ ठेका आणि लहान सुरावटी भरायच्या असतील, तर २५ पट्ट्यांचा, मेट्रोच्या प्रवासात पिशवीत मावणारा कीबोर्डही चालतो.

संख्येपेक्षा पट्टीचा आकार अधिक महत्त्वाचा आहे. स्वस्त आणि लहान कीबोर्डांच्या पट्ट्या अरुंद असतात. मोठ्या माणसाची बोटे त्यांवर अडखळतात आणि पेटीवर कमावलेले अंतरांचे भान बिघडते.

४. मींड: डाव्या हाताचे नवे काम

कीबोर्डच्या डाव्या टोकास एक चाक असते. ते पुढे ढकलले की स्वर चढतो, मागे ओढले की उतरतो, आणि सोडले की मूळ जागी येतो. १९४० मध्ये ज्या उणिवेवर बोट ठेवले गेले, ती भरून काढण्याची सोय या चाकात आहे. या चाकाच्या जागा पट्टीच्या जोराप्रमाणे १२७ मध्ये संपत नाहीत. मिडीच्या भाषेत त्याला १६,३८४ पायऱ्या आहेत, त्यामुळे घसरण अखंड ऐकू येते. पेटीवर डावा हात भात्यात गुंतलेला असतो. येथे तो मोकळा असतो, आणि मींडेचे काम त्याच्याकडे येते.

चाकाची झेप सहसा वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर एवढीच ठरविलेली असते. षड्जावरून पंचमापर्यंत मींड घ्यायची तर ती अपुरी पडते. सॉफ्टवेअरमध्ये ही झेप वाढविता येते. पण ती फार वाढविली तर चाकाच्या अल्पशा हालचालीने स्वर पळतो. रागाप्रमाणे ती कमीजास्त करून पाहावी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाक फिरले की त्या वाहिनीवरील सर्व स्वर एकदम सरकतात. म्हणून तानपुऱ्याचा षड्ज वेगळ्या वाहिनीवर ठेवावा. अशा सोळा वाहिन्या मिडीत आहेत. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे सरकविण्याची पद्धत २०१८ मध्ये मान्य झाली आहे, परंतु तिचे कीबोर्ड महाग असतात आणि आरंभी त्यांची निकड नसते.

म्हणूनच भारतीय संगीतासाठी कीबोर्ड घेणाऱ्याने प्रथम चाक पाहावे. काही लहान कीबोर्डांत चाकाऐवजी बोटभर दांडी किंवा स्पर्शपट्टी असते. तिच्यावर संथ मींड स्थिर राहत नाही. दिव्यांची चमकणारी बटणे कितीही मोहक असली, तरी चाक नसलेला कीबोर्ड ख्याल, ठुमरी वा भावगीत यांच्या कामाचा नाही.

जुळणीच्या आक्षेपालाही उत्तर आहे. स्वरांची निराळी जुळणी पाठविण्याची तरतूद १९९२ मध्येच मिडीत झाली. अनेक सॉफ्टवेअर वाद्यांत गांधार किंवा धैवत किंचित उतरवून ठेवता येतो. हे काम कीबोर्डचे नव्हे, सॉफ्टवेअरचे. तेव्हा केवळ त्यासाठी महागडा कीबोर्ड घेऊ नये.

५. विकत घेण्यापूर्वी

घरात जुना इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असेल, तर प्रथम त्याची मागची बाजू पाहावी. तेथे मिडीची पाच टोकांची गोल खोबणी किंवा संगणकाला जोडण्याची यूएसबी खोबणी असल्यास तोच मिडी कीबोर्ड म्हणून वापरता येतो. अशा वेळी नव्या खरेदीची गरजच उरत नाही. सॉफ्टवेअरसाठीही लगेच खर्च नको. एलएमएमएससारखी विनामूल्य सॉफ्टवेअर सरावाला पुरतात.

खरेदी करायचीच असेल, तर शक्यतो दुकानात जाऊन करावी. दिल्लीत नई सडकेवर पेट्या आणि तबले विकणाऱ्या जुन्या दुकानांची ओळ आहे. वाद्य संगणकाला जोडून दाखवा, असे दुकानदाराला निःसंकोच सांगावे. प्रत्येक पट्टी अगदी हलक्या बोटाने दाबून पाहावी. शेजारच्या दोन पट्ट्या सारख्या जोराने दाबल्यावर आवाज सारखा यावा. चाक सोडल्यावर स्वर नेमका मूळ जागी परततो का, हे कान देऊन ऐकावे. पायाने दाबायच्या पेडलची खोबणी आहे का, तेही पाहावे. कीबोर्ड यूएसबी तारेतूनच वीज घेत असेल, तर निराळा अडॅप्टर बाळगावा लागत नाही.

पट्टी दाबणे आणि स्वर उमटणे यांत विलंब जाणवला, तर कीबोर्डला दोष देण्याची घाई करू नये. हा विलंब बहुधा संगणकात होतो. सेकंदाच्या शंभराव्या भागाहून तो बराच वाढला, की लयीत वाजविणे कठीण होते. बिनतारी हेडफोन तो आणखी वाढवितात. शेजाऱ्यांची झोपमोड टाळण्यासाठी रात्री हेडफोन लागणारच. तो साधा, तारेचा घ्यावा. सगळी शिल्लक कीबोर्डवर खर्च करून ऐकण्यासाठी काहीच न उरणे, ही नवशिक्यांची नेहमीची अडचण असते.

शब्दार्थ
मज्जाव – मनाई
अनभिज्ञ – माहिती नसलेला
मींड – एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाणे
उतरा – मूळ जागेपेक्षा किंचित खालचा (स्वर)
वाहिनी – येथे, मिडीचे निरोप वाहून नेणारा स्वतंत्र मार्ग

स्वाध्याय
१. पेटीचा भाता आणि मिडी कीबोर्डचे चाक यांच्या कार्यांतील फरक आठ-दहा वाक्यांत लिहा.
२. काळी दोनमध्ये गाणाऱ्या एका गायकाच्या घरी केवळ अभ्यासाच्या मेजाएवढी जागा आहे. त्याने किती पट्ट्यांचा कीबोर्ड घ्यावा? पाठाच्या आधारे सकारण उत्तर लिहा.
३. हार्मोनियमवरील बंदी योग्य होती काय? आपले मत दोन्ही बाजू विचारात घेऊन मांडा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या पेटीवादकाला भेटा. साथ करताना मींडेची उणीव ते कशी भरून काढतात, हे विचारून टिपण तयार करा.