ट्रॉलीचे मागील दिवे व अर्थची तार

ऊस गाळपाचा हंगाम आणि पहाटेच्या धुक्याचे दिवस पश्चिम महाराष्ट्रात एकाच सुमारास येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्रभर वाहतूक चालू असते. मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास शेवटच्या ट्रॉलीची जाणीव करून देतात ते तिचे तांबडे दिवे आणि परावर्तक. दिवे मंदावले तर पुढे बसलेल्या चालकास ते कळतही नाही.

अनेक मालक ट्रॅक्टरला पुढे धुक्याचे दिवे बसवून घेतात. खाली बसविलेला, रुंद व आडवा झोत टाकणारा दिवा धुक्यात उपयोगी पडतो, यात शंका नाही. पण मागून येणाऱ्या वाहनास त्याचा काहीच लाभ होत नाही.

मागचे दिवे बिघडले की प्रथम बल्ब बदलला जातो. वस्तुतः दोष बहुधा जोडणीत असतो. बॅटरीतून निघालेला प्रवाह तारेने बल्बपर्यंत जातो व लोखंडी सांगाड्यातून परत येतो. या परतीच्या मार्गास मेस्त्री ‘अर्थ’ म्हणतात. ट्रॉली व ट्रॅक्टर यांच्यामध्ये हा मार्ग पुष्कळदा केवळ जोडखिळीवर अवलंबून असतो आणि ती गंज, चिखल व ग्रीस यांनी माखलेली असते. मग डावा इंडिकेटर लावताच मागील तांबडा दिवाही लुकलुकतो. ब्रेक दाबला असता उजेड वाढण्याऐवजी कमी होतो. परतीची वाट अडलेला प्रवाह दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो, त्याची ही खूण होय. साध्या बल्बला १२ ऐवजी १० व्होल्ट मिळाले, तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो.

परीक्षा सोपी आहे. दिवे लावून एक लांब तार बॅटरीच्या ऋण टोकास व दुसऱ्या बाजूने दिव्याच्या धातूच्या भागास टेकवावी. दिवा उजळला, तर दोष अर्थमध्ये आहे. न उजळल्यास बॅटरीकडून येणारी तार, फ्यूज व सॉकेटमधील हिरवट पडलेल्या पिना तपासाव्यात. फ्यूजच्या जागी जाड तार घालण्याची प्रथा मात्र घातक आहे. तीमुळे आग लागू शकते.

उपाय म्हणजे सॉकेटमधून शेवटच्या ट्रॉलीपर्यंत अर्थची स्वतंत्र तार ओढणे. ती बारीक असू नये. ५ अँपिअर प्रवाह असता १० मीटर लांबीच्या ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत सुमारे पावणेदोन व्होल्ट वाया जातात, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्ध्या व्होल्टहूनही कमी. जेथे ती सांगाड्यास जोडावयाची तेथील रंग खरवडून, बोल्टने घट्ट आवळून वर ग्रीस लावावे. पीळ देऊन पट्टी गुंडाळलेले सांधे पहिल्याच हंगामात सैल होतात.

एवढे करूनही उसाची वाढे दिव्यांवर लोंबत असतील, तर ती छाटावयास हवीत. परावर्तकास वीज लागत नाही, पण तोही वाढ्यांआड गेला की दिसत नाही.