मेथी, काढे आणि पाळी : एक जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने वैद्यकीय विषयावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु बारावीनंतर माझी पाळी चार-चार महिने येईनाशी झाली, हनुवटीवर राठ केस दिसू लागले आणि हा विषय माझ्याच घरी आला. आईने मेथीचे पाणी सुरू केले. शेजारच्या कन्नड अज्जींनी ‘अतिमधुर’, म्हणजे ज्येष्ठमध, उगाळून घ्यायला सांगितले. दवाखान्यात जायला मात्र वर्ष लोटले. लग्नाच्या वयाच्या मुलीचा बोभाटा नको, हे कारण!

निदान झाले ‘पीसीओएस’चे. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल या डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या नोंदींवरून या विकाराचे वर्णन केले. अंडाशयात दिसतात त्या खऱ्या गाठी नव्हेत. वाढ अर्धवट राहिलेली ती बीजपुटके असतात. पुष्कळ जणींचे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग रक्तात इन्सुलिन वाढते, त्यामुळे अंडाशय पुरुषी संप्रेरके जास्त बनवते आणि बीज वेळेवर सुटत नाही.

आता वनस्पतींचा जमाखर्च मांडू. जमेच्या बाजूस मेथी : तिच्यातील विरघळणाऱ्या तंतूंमुळे जेवणानंतरची साखर सावकाश चढते. दालचिनीने इन्सुलिनचे कार्य सुधारल्याचे काही लहान प्रयोगांत दिसले. पुदिन्याच्या एका जातीच्या चहाने ३० दिवसांत पुरुषी संप्रेरक उतरले. पण मोजणीत केस काही कमी भरले नाहीत.

नावे बाजूही पाहिली पाहिजे. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरते. जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन असते. अतिरेक झाल्यास ते यकृताला बाधते. मधुमेहाच्या औषधांबरोबर मेथी जास्त घेतल्यास साखर फार उतरू शकते.

सर्वांत मोठा खर्च वेळेचा. पाळी महिनोन् महिने न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. ते वर्ष मी काढ्यांत घालवले, याची रुखरुख मला आहे.

आज मी रोज चालते, डॉक्टरांची औषधे घेते आणि मेथी खाते, पण भाजी म्हणून. मैत्रिणींनो, तीन महिने पाळी आली नाही तर आधी तपासणी करा. ताळेबंद जुळत नसताना वही लपवून कोणाचा हिशेब सुटला आहे?